बोल्ट्झमनला नेमकं कोणी हरवलं?

स्टॅट मेक, म्हणजे सांख्यिकी भौतिकी, शिकायला घेतलेल्या प्रत्येकापर्यंत एक विनोद कधी ना कधी पोचतोच. डेव्हिड गुडस्टाइन यांच्या ‘स्टेट्स ऑफ मॅटर’ या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावरचा तो. लेखक अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतात की या विषयात आयुष्य घालवलेल्या बोल्ट्झमन आणि एरेनफेस्ट या दोघांनीही आत्महत्या केली, आणि आता हा विषय शिकायची पाळी आपली आहे. आमच्या एम.एस्सी.च्या ग्रुपवर परीक्षेच्या आदल्या रात्री हे पान हमखास यायचं. मीही हसायचे. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी ते पुन्हा आलं तेव्हा मात्र हसू आलं नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

त्या विनोदामागे एक गोष्ट आहे. ती तुम्हीही ऐकली असेल. बोल्ट्झमन म्हणायचे अणू आहेत. बाकीचे म्हणायचे नाहीत. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं, ते एकटे पडले, खचले आणि १९०६ मध्ये त्यांनी स्वतःला संपवलं. पुढे दोनचार वर्षांतच अणू सिद्ध झाले. शोकांतिकेचा नायक असावा तर असा! काळाच्या पुढे असलेला, एकाकी, आणि विजय दाराशी आलेला असताना कोसळलेला. मला ही गोष्ट वर्गात एका सरांनी सांगितली होती आणि तेव्हा अंगावर काटा आला होता.

अडचण एवढीच आहे की ही गोष्ट नीट तपासली तर टिकत नाही. आणि तुम्ही संशोधनात येणार असाल तर ती तपासणं तुमच्या उपयोगाचं आहे, इतिहासाची आवड असो वा नसो.

आधी भांडण कशावरून होतं ते समजून घेऊ.

लुडविग बोल्ट्झमन यांचा जन्म १८४४ चा, व्हिएन्नाचा. त्यांच्यासमोरचा प्रश्न साधा दिसतो. गरम चहा थंड होतो, पण टेबलावर ठेवलेला थंड चहा आपला आपण गरम होत नाही. सांडलेलं अत्तर खोलीभर पसरतं, पसरलेलं पुन्हा बाटलीत जात नाही. याला ऊष्मागतिकीचा दुसरा नियम म्हणतात: बंदिस्त व्यवस्थेची एन्ट्रॉपी कमी होत नाही. पण का? वायू म्हणजे इकडेतिकडे धावणारे रेणू असतील तर ते न्यूटनचे नियम पाळतात, आणि न्यूटनच्या नियमांना भूत-भविष्य कळत नाही. दोन चेंडूंच्या टकरीची फिल्म उलटी चालवली तरी ती खोटी वाटत नाही. मग अशा कोट्यवधी टकरींची फिल्म उलटी चालवली की ती लगेच खोटी का वाटते?

१८७२ मध्ये बोल्ट्झमन यांनी एक मोठा शोधनिबंध लिहिला आणि त्यात दाखवलं की टकरींमुळे वायू एका ठरावीक स्थितीकडे सरकत जातो आणि मागे फिरत नाही. सिद्धता देखणी होती. तिच्यावर पहिला मोठा आक्षेप शत्रूने घेतला नाही. तो घेतला योसेफ लोशमिट यांनी. हे बोल्ट्झमन यांचे ज्येष्ठ सहकारी आणि जवळचे मित्र, शिवाय पक्के अणुवादी. हवेतल्या रेणूंचा आकार अंदाजाने काढून दाखवणारा माणूस! त्यांनी १८७६ मध्ये विचारलं ते असं: समज, एका क्षणी सगळ्या रेणूंचे वेग बरोबर उलटे केले. न्यूटनच्या नियमांना हे चालतं. मग वायू आल्या वाटेने परत जाईल आणि एन्ट्रॉपी कमी होईल. तुझ्या सिद्धतेत तर हे अशक्य आहे. मग नियम खोटे की सिद्धता?

इथे थांबा आणि स्वतःला त्या जागी ठेवून बघा. चार वर्षांपूर्वीचं तुमचं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि तुमचाच मित्र त्यात भोक दाखवतो. भोक खरं आहे.

बोल्ट्झमन यांनी काय केलं? १८७७ मध्ये त्यांनी उत्तर दिलं, आणि त्या उत्तरातून त्यांचं आयुष्यातलं सर्वांत मोठं काम बाहेर पडलं. त्यांनी मान्य केलं की उलटं जाणं अशक्य नाही. ते फक्त असंभाव्य आहे. किती असंभाव्य, ते मोजता येतं.

नाणी घेऊन बघू. दहा नाणी उडवली तर एकूण १,०२४ प्रकारे पडू शकतात. सगळे छापे येण्याचा प्रकार एकच. पाच छापे आणि पाच काटे येण्याचे प्रकार २५२. म्हणून निम्मे-निम्मे दिसणं सोपं. त्यामागे कुठलीही ओढ नाही की बळ नाही, फक्त प्रकार जास्त आहेत. आता शंभर नाणी घ्या. सगळे छापे येण्याचा प्रकार अजूनही एकच, पण पन्नास-पन्नासचे प्रकार साधारण एकावर २९ शून्यं इतके. आणि चहाच्या एका घोटात शंभर नव्हे, एकावर २३ शून्यं देऊन लिहावे लागतील इतके रेणू असतात. थंड चहा आपोआप गरम होण्याला बंदी कोणीच घातलेली नाही. ते घडण्याचे प्रकार इतके कमी आहेत की विश्वाचं सगळं वय वाट पाहिलीत तरी दिसणार नाही.

या ‘किती प्रकारे’ला डब्ल्यू म्हणा. दोन डबे शेजारी ठेवले तर प्रकारांचा गुणाकार होतो, पण एन्ट्रॉपीची बेरीज व्हायला हवी. गुणाकाराची बेरीज करून देणारं फलन म्हणजे लॉगॅरिदम. म्हणून एस बरोबर के लॉग डब्ल्यू. झालं, एवढंच सूत्र! गंमत म्हणजे या रूपात ते बोल्ट्झमन यांनी कधी लिहिलंच नाही. ही मांडणी आणि तो स्थिरांक ‘के’ माक्स प्लांक यांनी पुढे १९०० च्या सुमारास रूढ केला. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत बोल्ट्झमन यांच्या पुतळ्यावर मात्र हेच सूत्र कोरलंय. आणि २०१९ पासून केल्व्हिन हे तापमानाचं एकक त्याच ‘के’ची किंमत पक्की धरून ठरवलं जातं.

तर गोष्टीला पहिला तडा इथे जातो. विरोधाने त्यांना मोडलं असं आपण म्हणतो, पण लोशमिट यांचा आक्षेप नसता तर १८७७ चं काम कदाचित झालंच नसतं. १८९६ मध्ये प्लांक यांचे साहाय्यक झर्मेलो यांनी दुसऱ्या बाजूने हल्ला केला: पुरेसा वेळ दिला तर प्रत्येक बंदिस्त यांत्रिक व्यवस्था आपल्या सुरुवातीच्या स्थितीच्या हवी तितकी जवळ परत येते, मग तुमचा दुसरा नियम कुठे गेला? त्यालाही बोल्ट्झमन यांनी उत्तर दिलं, थोडं चिडून, पण बिनतोड: येईल परत, फक्त किती काळाने ते मोजून बघा.

आता ‘एकटे पडले’ या भागाकडे येऊ. १८९५ मध्ये ल्युबेक शहरात मोठी परिषद झाली. ऊर्जावादी मंडळी, म्हणजे अणू नकोत, सगळं फक्त ऊर्जेच्या भाषेत सांगू म्हणणारे, एका बाजूला. त्यांत विल्हेल्म ओस्टवाल्ड आणि गेओर्ग हेल्म. दुसऱ्या बाजूला बोल्ट्झमन. तरुण आर्नोल्ड सोमरफेल्ड तिथे हजर होते. त्यांनी नंतर या सामन्याला बैल आणि त्याच्याशी झुंजणारा चपळ खेळाडू यांच्या लढतीची उपमा दिली, आणि लिहिलं की या वेळी बैल जिंकला. बैल म्हणजे आपले बोल्ट्झमन! सभागृहातले तरुण गणिती त्यांच्या बाजूने होते. हरलेल्या, हसं झालेल्या माणसाचं हे चित्र नाही.

आणि ओस्टवाल्ड? ते वैचारिक विरोधक खरेच, पण वैरी नव्हते. १९०० मध्ये बोल्ट्झमन व्हिएन्ना सोडून लाइपझिगला गेले ते ओस्टवाल्ड यांच्याच विद्यापीठात, त्यांच्याच प्रयत्नांनी. खरा काटा होता तो एर्न्स्ट माख यांचा. ज्याचा अनुभव घेता येत नाही अशा अणूवर विश्वास का ठेवायचा, हा त्यांचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा होता आणि बोल्ट्झमन यांना तो लागायचा. १८९८ साली ‘वायुसिद्धान्तावरील व्याख्याने’च्या दुसऱ्या भागाच्या प्रस्तावनेत त्यांनी काळाच्या प्रवाहाविरुद्ध आपण एकटे दुबळेपणाने झगडतो आहोत अशी भावना लिहून ठेवली. शोकांतिकेची गोष्ट सांगणारे हाच उतारा दाखवतात. तो खरा आहे. त्या माणसाला तसं वाटत होतं. पण १९०४ मध्ये त्यांच्या साठीनिमित्त निघालेल्या गौरवग्रंथात जगभरच्या शास्त्रज्ञांचे शंभराहून जास्त लेख होते. वाटणं आणि असणं यात एवढं अंतर पडू शकतं, ही गोष्ट मी तरी तिसऱ्या वर्षापर्यंत गंभीरपणे घेतली नव्हती.

मग ते वाटणं कुठून येत होतं?

तारखा मांडून बघा. संशोधनात कार्यकारणाचा दावा आला की पहिली सवय हीच लावून घ्या. वडील गेले तेव्हा बोल्ट्झमन पंधरा वर्षांचे होते. १८८५ मध्ये आई गेली आणि त्यानंतर ते बराच काळ उदास होते. १८८८ मध्ये बर्लिनच्या विद्यापीठाने बोलावलं, म्हणजे त्या काळचा सर्वोच्च मान. त्यांनी होकार दिला, मग अस्वस्थ झाले, डोळ्यांचं आणि प्रकृतीचं कारण देऊन माघार घेतली. पुढच्याच वर्षी अकरा वर्षांचा थोरला मुलगा अपेंडिक्सच्या आजाराने गेला. हे सगळं ल्युबेकच्या कित्येक वर्षं आधीचं. उलट १८९५-९६ मध्ये, आक्षेपांचा मारा जोरात असताना, ते जोमाने लिहीत होते. लाइपझिगला अवस्था पुन्हा बिघडली आणि तिथे जीव देण्याचा एक प्रयत्न झाल्याचेही उल्लेख आहेत. माख यांच्यापासून तर ते तेव्हा लांब होते. १९०२ मध्ये व्हिएन्नाला परतले, पुन्हा परदेशी नोकरी धरणार नाही असा शब्द सम्राटाला देऊन. शेवटच्या वर्षांत नजर अधू झाली होती, दम्याने छळलं होतं, आणि व्याख्यान देताना मध्येच सगळं विसरू ही धास्ती बसली होती. १९०६ च्या उन्हाळ्यात व्याख्यानं रद्द करावी लागली. त्या काळच्या वैद्यकाने नाव दिलं ‘न्यूरास्थेनिया’, म्हणजे नसांचा अशक्तपणा. ५ सप्टेंबर १९०६ ला, पत्नी आणि धाकट्या मुलीबरोबर सुटीवर असताना, ट्रिएस्टजवळच्या दुइनो गावी त्यांनी आयुष्य संपवलं.

विरोध वाढला तेव्हा उदासी वाढली आणि ओसरला तेव्हा ओसरली, असा आलेख मिळत नाही. उदासीचे झटके आपल्या गतीने येत होते, मानाचं बोलावणं आलं तेव्हाही. आज काही जण याला बायपोलर आजार म्हणतात. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचं निदान पत्रांवरून करणं मला पटत नाही, त्यामुळे मी एवढंच म्हणेन की तो आजारी होता, आणि त्या आजारावर तेव्हा धड उपचार नव्हते. विरोधाचा काहीच परिणाम नव्हता असंही मी म्हणत नाही. आजारी माणसाला टोचायला काहीही पुरतं. पण ‘अणू मान्य झाले असते तर ते जगले असते’ या वाक्यामागे पुरावा नाही.

शोकांतिकेच्या गोष्टीत आणखी एक गोष्ट हमखास गाळली जाते: हा माणूस जगण्यात किती रमायचा! मरणाच्या जेमतेम वर्षभर आधी, १९०५ च्या उन्हाळ्यात, ते एकटे आगगाडी आणि जहाजाने कॅलिफोर्नियाला बर्कलीत शिकवायला गेले. त्या प्रवासाचं वर्णन त्यांनी लिहिलंय आणि ते इतकं खुसखुशीत आहे की लेखकाचं नाव झाकलं तर तुम्हाला विनोदी लेखक वाटेल. बर्कलीत दारूबंदी. पाण्याने पोट बिघडलं म्हणून यांनी वाइन कुठे मिळते असं एका सहकाऱ्याला विचारलं, तर तो असा दचकला की जणू काही भलत्याच वस्तीचा पत्ता विचारलाय. शेवटी शेजारच्या ओकलंडमधून बाटल्या लपवून आणायची सोय झाली. सकाळच्या ओटच्या लापशीवर तर त्यांनी जीव तोडून टीका केलीय. एका धनाढ्य बाईंच्या हवेलीत उत्तम पियानो दिसला, आग्रह झाला, आणि प्रोफेसरसाहेबांनी शुबर्टचा सोनाटा वाजवून सगळ्यांना चकित केलं. आपण लहरी का, तर आपला जन्म कार्निव्हलच्या नाचगाण्याची रात्र आणि उपासाचा बुधवार यांच्या मधल्या रात्रीचा, असं ते स्वतःच गमतीने सांगायचे. लिझे माइटनर त्यांच्या वर्गात होत्या. त्या व्याख्यानांतला उत्साह त्यांना म्हातारपणीही आठवत होता.

नैराश्याशी झगडणं दिसतं ते असं. दर वेळी पडून, पुन्हा उठून, सामान बांधून कुठेतरी शिकवायला निघालेला माणूस. शेवटच्या वेळी उठता आलं नाही. पण आपण शेवटच्या दिवसावरून आधीच्या बासष्ट वर्षांना अर्थ लावतो. आकडेवारीच्या भाषेत, एका बिंदूवरून सगळी रेषा ओढतो.

आता मी हे का लिहितेय ते सांगते.

तिसऱ्या वर्षी माझा पेपर दुसऱ्यांदा परत आला. रेफरीचे पाच मुद्दे, त्यातला तिसरा विशेष झोंबणारा. त्यानंतर तीनेक आठवडे मी लॅपटॉप उघडू शकत नव्हते. पहाटे साडेतीनला जाग यायची आणि मग आठपर्यंत छताकडे बघत पडायचं. मेसमधलं जेवण घशाखाली उतरत नव्हतं. आणि या सगळ्याला मी एक छान नाव देऊन ठेवलं होतं: बोल्ट्झमनलाही कोणी समजून घेतलं नव्हतं. म्हणजे माझा त्रास हा माझ्या कामाच्या खोलीचा पुरावाच झाला की! एकदा असं मानलं की डॉक्टरकडे कशाला जायचं? शोकांतिकेचा नायक डॉक्टरकडे जात नाही.

माझी रूममेट मराठवाड्यातली, रसायनशास्त्राची, अत्यंत रोखठोक. तिने एका सकाळी विचारलं, “तू शेवटची कधी पोटभर जेवलीस?” मला आठवेना. तिनेच अपॉइंटमेंट घेतली. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी पेपरबद्दल बराच वेळ काही विचारलंच नाही. झोप किती, भूक कशी, घरात कोणाला असा त्रास होता का, मरणाचे विचार येतात का, हे असं सरळ विचारलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला वेळ लागला. मग मी पेपरचं सगळं रामायण सांगितलं, बोल्ट्झमनसकट. त्या म्हणाल्या, “पेपरचं आपण बघू नंतर. आधी झोप.” मला जरा अपमानच वाटला. पण झोपेपासूनच सुरुवात झाली, औषधं चालली, आणि दोनेक महिन्यांनी मी रेफरीचं पत्र पुन्हा वाचू शकले.

हे माझ्या एकटीपुरतं नाही. बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये ३,६५९ पीएच.डी. विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये ‘रिसर्च पॉलिसी’त आला. त्यात सुमारे ३२ टक्के विद्यार्थ्यांना नैराश्यासारख्या मानसिक आजाराचा धोका असल्याचं दिसलं. त्यांनी तुलनेला उच्चशिक्षित नोकरदारही घेतले होते, आणि विद्यार्थ्यांमधलं प्रमाण जास्त निघालं. पुढच्या वर्षी ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त आलेल्या पाहणीत नैराश्याचं प्रमाण ३९ टक्के निघालं. ही संख्या समाजमाध्यमांवर फार फिरते, पण सांभाळून वापरा: त्या पाहणीत लोक आपणहून सहभागी झाले होते, आणि ज्याला त्रास आहे तो असा फॉर्म भरण्याची शक्यता जास्त असते. फ्लँडर्सच्या अभ्यासातलं मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे की त्रासाचा संबंध फार जमिनीवरच्या गोष्टींशी दिसला: कामाचा बोजा, घर आणि काम यांची ओढाताण, गाइडची वागण्याची पद्धत. यातलं बरंचसं बदलता येतं, किंवा निदान प्रवेश घेण्याआधी विचारून घेता येतं. गाइड निवडताना त्यांचे पेपर वाचताच. त्यांच्या दोन आजी-माजी विद्यार्थ्यांना चहाला घेऊन जा, आणि प्रयोगशाळेत सुटी कशी मिळते ते विचारा.

आणि झोप, भूक, काम यांची घडी दोन आठवड्यांपेक्षा जास्त विस्कटली असेल, किंवा मरणाचे विचार येत असतील, तर केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६. दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं. मरणाचे विचार असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं. रूममेटला सांगा, आईला सांगा, मेसच्या काकूंना सांगा.

गोष्टीचा उरलेला भाग पटकन सांगते. बर्न शहरात पेटंट कार्यालयात काम करणाऱ्या आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्येच, पाण्यातल्या सूक्ष्म कणांच्या थरथरीवरून रेणू कसे पकडता येतील ते लिहिलं होतं. १९०८ पासून पॅरिसमध्ये झां पेरां यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजून दाखवलं. ओस्टवाल्ड यांनी त्याच सुमारास अणू जाहीरपणे मान्य केले. ज्यांनी लाइपझिगला बोलावून घेतलं होतं, त्यांच्याकडून हे ऐकायला बोल्ट्झमन हवे होते, असं मला फार वाटतं. वाटण्याला अर्थ नाही, पण वाटतं.

रेफरीचा तिसरा मुद्दा बरोबर होता, हे सांगायचं राहिलं. माझ्या सिम्युलेशनमध्ये सुरुवातीची स्थिती मी नकळत सोयीची निवडत होते. ते दुरुस्त करताना जे निघालं त्यावर सध्या प्रबंधाचं चौथं प्रकरण लिहितेय. पेपर अजून छापून आलेला नाही.

पुढच्या वेळी एरेनफेस्ट पतिपत्नींनी मांडलेलं दोन कुत्रे आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवांचं मॉडेल बघणार आहोत. लोशमिट आणि झर्मेलो दोघांचीही उत्तरं त्यात हाताने करून दिसतात. येताना दोन वाट्या घ्या, एक ते वीस आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या दोन संच करा, आणि एक संच आधीच डाव्या वाटीत टाकून ठेवा.